कोकणातल्या आपल्या घराण्याचा इतिहास फुकटात ऑनलाइन शोधता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे: आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईला गिरणीत आले, पणजोबांच्या नावापलीकडे घरात कुणाला काही ठाऊक नाही, परदेशी वंशावळीच्या संकेतस्थळांवर नाव टाकलं की भलतेच लोक येतात, मग पैसे न घालता काही शोधता येईल का?

येईल. मी राजापूर तालुक्यातला. आमच्या घराण्याचे कागद मी बरीच वर्षं जमवतो आहे, त्यातलं बरंचसं फुकटात किंवा नाममात्र खर्चात मिळालं. पण नाव टाकून शोधायला सुरुवात करू नका. आपल्याकडे माणूस जमिनीच्या कागदावर सापडतो, आणि जमीन सापडायला गाव आणि वाडी माहीत लागते.

परदेशी संकेतस्थळांवर तुम्हाला काही मिळालं नाही, यात तुमचं काही चुकलेलं नाही. फॅमिलीसर्च ही वंशावळीची साइट पूर्ण मोफत आहे आणि उत्तम आहे, पण अशा साइट उभ्या आहेत त्या चर्चच्या बाप्तिस्मा नोंदींवर आणि घरोघरच्या जनगणनेच्या तक्त्यांवर. अमेरिकेत जनगणनेचे तक्ते 72 वर्षांनी खुले होतात, इंग्लंडमध्ये 100 वर्षांनी. आपल्याकडे 1948 च्या जनगणना कायद्याने व्यक्तीची माहिती गोपनीय ठेवली आहे, त्यामुळे तुमच्या पणजोबांचा तक्ता कुठल्याच साइटवर येणार नाही. फॅमिलीसर्चवर हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रं आहेत, घरचं कुणी तिकडे गेलं असेल तर जरूर बघा. आपल्या भागातली माणसं मात्र जास्त करून नाशिक-त्र्यंबकेश्वरला जात. तिथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्या गाव आणि आडनावावर लावलेल्या असतात. त्यासाठी इंटरनेटपेक्षा एक फोन जास्त कामाचा.

आता गाव. घरात नुसतं 'रत्नागिरी' सांगत असतील तर तेवढ्याने भागणार नाही. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशनकार्ड, लग्नपत्रिका, गावाहून आलेलं एखादं पोस्टकार्ड शोधा. कुलदैवत कुठलं, शिमग्याला पालखी कुठल्या देवळाची यायची, गणपतीला गावी जाताना एसटी कुठल्या फाट्यावर उतरवायची, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा. पुरुषांना तालुका आठवतो, बायकांना पाणंद आणि विहीर आठवते, असा माझा तरी अनुभव आहे. सांगतील ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.

एकाच नावाची गावं पुष्कळ आहेत. धामापूर मालवण तालुक्यात आहे आणि धामापूर तर्फ संगमेश्वर वेगळं आहे. बुद्रुक आणि खुर्द तर जागोजाग. जिल्हेही बदलले. सिंधुदुर्ग 1981 पर्यंत रत्नागिरीतच होता, म्हणून आजोबांच्या तोंडचं 'रत्नागिरी' म्हणजे कणकवली किंवा देवगडही असू शकतं. रायगडाचं नाव तोवर कुलाबा होतं आणि पालघर 2014 पर्यंत ठाण्यात होतं. जुन्या गॅझेटियरात, म्हणजे ब्रिटिशकालीन जिल्हा-माहितीग्रंथात, गुहागर चिपळूणखाली आणि मंडणगड दापोलीखाली सापडेल. वाडीचं नाव नकाशात दिसत नसेल, तर टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने 1950 च्या दशकातले अमेरिकी लष्कराचे भारताचे नकाशे मोफत ठेवलेत, ते आणि सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे शेजारी ठेवून बघा. गाव पक्कं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गाव मिळालं की महाभूलेख, म्हणजे सातबारे बघायचं शासनाचं संकेतस्थळ, उघडा. कोकण विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडा. तिथे सर्व्हे किंवा गट नंबर माहीत नसला तरी पहिल्या नावाने, मधल्या नावाने आणि आडनावाने शोधता येतं. मी मधल्या नावाने शोधायला सांगेन, कारण पणजोबांच्या सगळ्या मुलांच्या नावापुढे तेच नाव असतं आणि चुलत घराणी एकदम पुढे येतात. हा विनास्वाक्षरी सातबारा माहितीपुरता असतो. आपल्याला तेवढंच हवंय.

कोकणातला सातबारा देशावरच्यासारखा सुटसुटीत नसतो. वाटण्या झालेल्या नसतात, कातळाच्या दोन-चार गुंठ्यांवर चार पिढ्यांची नावं सामाईकात पडलेली असतात. वकिलांना त्याचा त्रास होतो, तुमच्या-माझ्यासारख्यांना ती खाण आहे. मुंबईला गेलेल्या माणसाचं नाव लोक कमी करत नाहीत, त्यामुळे 'गावी आता कुणी नाही' असं वाटत असलं तरी कागदावर तुमचे पणजोबा अजून असण्याची शक्यता चांगली आहे. नावाशेजारी कंसात आकडे दिसतील. ते फेरफार क्रमांक, म्हणजे जमिनीच्या नोंदीत झालेल्या प्रत्येक बदलाचा नंबर. तेच उतरवून घ्या, सगळेच्या सगळे.

वारसाच्या फेरफारात माणूस कधी वारला, मागे कोण राहिलं, कुणाचं काय नातं, हे लिहिलेलं असतं. जुने फेरफार मिळवायचे दोन मार्ग आहेत. पहिला 'आपले अभिलेख' हे शासनाचं संकेतस्थळ, तिथे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ठेवलेत. प्रतीला थोडं शुल्क पडतं. तुमचा तालुका त्यात आहे का, हे यादीतून निवडताना कळेल. दुसरा मार्ग तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष. तिथे जाणं जमत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज ऑनलाइन करता येतो, शुल्क दहा रुपये. अर्जात 'आमच्या घराण्याची सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका. गाव, गट नंबर आणि फेरफार क्रमांक लिहा. नेमकं मागितलं तर नेमकं मिळतं.

बायकांची नावं मिळण्याची सगळ्यात चांगली जागा हीच आहे. वंशावळी म्हणून जे कागद घराघरांत असतात त्यात बाप आणि मुलगे असतात, मुली नसतातच. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावं वारस म्हणून फेरफारात येऊ लागली. आमच्या पणजोबांच्या वारस फेरफारात त्यांच्या मुलग्यांखाली एका मुलीचं नाव आहे, लग्नानंतरच्या आडनावासकट. आमच्या घरात तिच्याबद्दल कुणीही कधी बोललं नव्हतं. तिची नातवंडं देवगडकडे भेटली. आजोबांच्या लहानपणाच्या ज्या गोष्टी आम्हाला ठाऊक नव्हत्या, त्या त्यांना आजीकडून ऐकून पाठ होत्या. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपात मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट तीच.

तुमचं घराणं गावचा सारा गोळा करणाऱ्या खोताचं नसेल, खंडाने जमीन कसणाऱ्या कुळाचं असेल, तर 1950 च्या दशकातले कागद बारकाईने बघा. 1949 च्या कायद्याने खोती गेली आणि कुळकायद्याने 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला, त्या दिवशी कसणारी कुळं मालक मानली गेली. त्यापाठोपाठ त्या कायद्याच्या कलम 32ग ची प्रकरणं चालली, जमिनीची किंमत ठरली, किंमत भरल्यावर 32म चं प्रमाणपत्र मिळालं. प्रकरणाची फाईल शिल्लक असेल तर तिच्यात कुळाचा जबाब असतो: जमीन कधीपासून कसतो, वडील कसत होते का, खंड किती द्यायचा. ज्यांच्या बापजाद्यांचं नाव खोताच्या वहीपलीकडे कुठे आलंच नव्हतं, त्यांच्या तोंडचे शब्द पहिल्यांदा सरकारी कागदावर आले ते इथे. महार वतनाच्या जमिनी असतील तर 1958 च्या वतन निर्मूलन कायद्यानंतरचे फेरफारही असेच वाचा.

त्याच्या मागे जायचं तर कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14. गावातले जन्म-मृत्यू कोतवालाच्या या वहीत लिहिले जात. 2023 मध्ये शासनाने कुणबी नोंदी शोधायची मोहीम काढली तेव्हा या वह्या तपासल्या गेल्या, आणि अनेक जिल्ह्यांनी सापडलेल्या पानांच्या प्रती आपापल्या संकेतस्थळांवर टाकल्या. तुमची जात कुठलीही असो, आपल्या तालुक्याची पानं चाळा. शेजारच्या घरांची नावं दिसली तरी गावाचा अंदाज येतो.

जुनी पानं मोडी लिपीत असतात. घाबरू नका, पूर्ण मोडी शिकायची गरज नाही. अक्षरमुख नावाचं एक मोफत साधन आहे. त्यात देवनागरीत 'गोविंद', 'विठोबा', गावाचं नाव, 'मयत', 'मुलगा' असे दहा-पंधरा शब्द टाका आणि मोडीत रूपांतर करून समोर ठेवा. हाताचं वळण वेगळं असतं, तरी ठेवण ओळखू येऊ लागते. दोन नावांच्या मध्ये 'बिन' असेल तर पुढचं नाव बापाचं, बाईच्या नावानंतर 'कोम' असेल तर पुढचं नवऱ्याचं. आडनाव बहुतेक वेळा नसतंच. शक दिला असेल तर 78 मिळवा, म्हणजे शके 1800 हे साधारण 1878. उरलेलं मोडी जाणणाऱ्याला दाखवा. एका पानासाठी मदत करणारी माणसं पुष्कळ भेटतात.

नावांचा घोळ इथेच होतो. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत, म्हणून गोविंद विठोबा, मग विठोबा गोविंद, मग पुन्हा गोविंद विठोबा. दोन पिढ्यांची माणसं एकच समजली गेली की पुढची सगळी जुळणी बिघडते. सनावळीवरून ताडून बघा, पिढीला पंचवीसएक वर्षं धरा. आडनावावरही फार विसंबू नका. गावात पवार किंवा कदम असलेला माणूस मुंबईत गावाच्या नावाला 'कर' लावून राहिला, असं घरोघर झालंय. अलिबाग-पेणकडच्या बेने इस्रायलांनीही असंच केलं, नवगावकर, पेणकर, किल्लेकर ही त्यांचीच आडनावं. तुमचं आडनाव 'कर'ने संपत असेल तर गावाचा पत्ता तुमच्याकडे आधीपासूनच आहे, पण गावातलं आडनाव वेगळं असेल हे धरून चाला.

आता एक जागा जी आपले लोक क्वचित बघतात. रत्नागिरी-कुलाब्यातून पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींत खूप माणसं गेली. 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या, तो वेढा 29 एप्रिल 1916 ला शरणागतीने संपला. कोकणातल्या कितीतरी गावांत शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवर संगमरवरी पाटी आहे: या गावातून इतके गेले, इतके परत आले नाहीत. पाटीवर नावं नसतात. नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या मोफत संकेतस्थळावर आहेत. भारतीय शिपायांची नावं तिथे कशीही तुटलेली असतात, म्हणून नावाच्या रकान्यात शोधू नका. 'अतिरिक्त माहिती' असा रकाना आहे, त्यात इंग्रजीत रत्नागिरी, कुलाबा किंवा सावंतवाडी त्या काळच्या निरनिराळ्या स्पेलिंगने टाका. कित्येक नोंदींत बापाचं नाव, गाव आणि तालुका मिळतो. दर्यावर्दी घराणं असेल तर बोटीवरचे खलाशीही तिथेच बघा. मुंबईत मशीद बंदरला खलाशांचं स्मारक आहे, पहिल्या महायुद्धात समुद्रात प्राण गमावलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं. घरात कुणी 'आगबोटीवर गेला तो आलाच नाही' असं सांगत असेल तर ती गोष्ट सोडून देऊ नका.

गॅझेटियर आर्काइव्ह डॉट ऑर्गवर मोफत आहेत, रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड 1880 चा. त्यात तुमचे पूर्वज सापडणार नाहीत, पण त्या वेळी गावात काय पिकत होतं आणि माणसं मुंबईला का जात होती ते कळेल. काही घराण्यांचे छापील कुलवृत्तांतही तिथे आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' बघायला हरकत नाही, सामान्य शेतकरी घराण्याला त्यातून फारसं हाती लागत नाही.

एक गोष्ट मनापासून सांगतो. हे कागद हातात घेऊन गावी गेलात की भावकीला पहिली शंका येते ती हिस्सा मागायला आला याची. जमिनींना भाव आल्यापासून ती शंका साहजिक आहे, तिचा राग धरू नका. आधी देवळात जा, पालखीचा मान कुठल्या घराचा आणि कुठल्या क्रमाने ते विचारा. तो क्रम म्हणजे गावातल्या घराण्यांच्या शाखांचा क्रमच असतो. मग शोधलेली वंशावळ त्यांच्यासमोर ठेवा, त्यांच्या शाखेसकट, आणि एक प्रत त्यांना द्या. आपल्या पणजोबांचं नाव दिसलं की लोक स्वतःहून ट्रंक उघडतात.

सगळं लिहून ठेवायला ग्रॅम्प्स हा वंशावळीचा प्रोग्राम वापरा. मोफत आहे, तुमच्याच संगणकावर चालतं, देवनागरी नावं घेतं. प्रत्येक नावापुढे ते कुठल्या कागदावर मिळालं ते लिहा, फेरफार क्रमांकासकट. ऑनलाइन सार्वजनिक वंशवृक्षांवर हयात माणसांची नावं, जन्मतारखा आणि गट नंबर टाकू नका. पुढे अडलं तर मला फक्त तालुका आणि वाडीचं नाव कळवा. राजापूर, लांजा किंवा देवगड असेल तर अभिलेख कक्षात काय मागायचं ते मी नेमकं सांगू शकेन.