मंदीत बेकारी भत्त्याची मुदत वाढवली तर लोकं काम शोधायचं सोडतात का?

तुम्ही विचारलंय की २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत बेकारी भत्ता ९९ आठवड्यांपर्यंत वाढवला होता, त्यामुळे लोकं निवांत घरी बसली का, आणि पुन्हा तशी वेळ आली तर सरकारने असं करावं का. मी स्वतः तो भत्ता घेतलाय, म्हणून लिहितो.

आधी त्या ९९ चं बघू, कारण बऱ्याच जणांना वाटतं की नोकरी गेली त्याच दिवशी दोन वर्षांची सोय व्हायची. तसं अजिबात नव्हतं. बहुतेक राज्यांत नेहमीचे २६ आठवडे, ते संपले की केंद्र सरकारचे टप्पे, त्याला टियर म्हणायचे, पहिला २० आठवड्यांचा मग १४ मग १३ मग ६, आणि त्यावर, राज्यातली बेकारी वाढली की जादा आठवडे देणाऱ्या १९७० च्या कायद्यातले जास्तीत जास्त २०. यातले पुढचे टप्पे तुमच्या राज्यात बेकारी ठरावीक टक्क्यांच्या वर असेल तरच मिळायचे. आणि एच-वनबीवाल्यांना, म्हणजे तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांना तर हा भत्ता सहसा मिळतच नाही, माझं ग्रीन कार्ड झालेलं होतं म्हणून मला मिळाला.

माझी नोकरी गेली एप्रिल २००९ मध्ये. त्या वर्षी ऑक्टोबरात देशातली बेकारी १० टक्क्यांवर गेली, आणि त्या उन्हाळ्यात एका रिकाम्या जागेमागे सहाहून जास्त बेकार माणसं होती. आता अशा वेळी तुम्ही कितीही जोर लावून शोधलंत तरी सहातल्या पाच जणांना ती जागा मिळणार नाहीये, हे साधं गणित "भत्त्याने आळस येतो" म्हणणारे लक्षात घेत नाहीत याचा मला अजून राग येतो. भत्ता माझ्या पगाराच्या निम्म्याहून कमी होता, त्यात घराचा हप्ता कसाबसा निघायचा. तेवढ्यावर कोणी मजेत बसून राहत नाही हो. शिवाय दर वेळी ऑनलाइन सर्टिफाय करायचं, म्हणजे अजून बेकार आहोत आणि काम शोधतोय असं कळवायचं, कुठे अर्ज केला कोणाशी बोललो त्याची नोंद ठेवायची.

खरा त्रास मुदत वाढवण्याचा नव्हता, ती ज्या पद्धतीने वाढवली त्याचा होता. दर थोड्या महिन्यांनी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, नवं मतदान, नवी तारीख. २०१० च्या जूनच्या सुरुवातीला ती तारीख उलटली आणि मतदान अडकलं. चालू टियर संपेपर्यंत पैसे येत होते पण पुढच्या टियरमध्ये जाता येत नव्हतं, आणि माझा दुसरा टियर नेमका त्याच आठवड्यात संपला. २२ जुलैला ओबामांची सही झाली, मागचे पैसेही नंतर मिळाले, पण मधले सात आठवडे क्रेडिट कार्डवर काढले त्याचं व्याज कोण देणार? आणि त्या सात आठवड्यांत मी जास्त अर्ज केले का तर नाही, उलट कमी केले, कारण निम्मा दिवस बँकेशी हप्ता पुढे ढकलण्याबद्दल बोलण्यात जायचा.

यावर अभ्यासही झालाय. जेसी रॉथस्टीन नावाच्या अर्थतज्ज्ञाने २०११ मध्ये हिशोब मांडला की या वाढीव मुदतीमुळे बेकारीचा दर फार तर ०.१ ते ०.५ टक्के पॉइंटने वाढला असेल, आणि त्यातलाही बराचसा भाग असा की लोकांनी शोधणं सोडून दिलं नाही म्हणून ते बेकारांच्या मोजणीत राहिले. म्हणजे परिणाम शून्य नाही हे मी मान्य करतो, पण जेवढा गवगवा होतो तेवढा नाही.

म्हणून माझं मत, मुदत वाढवावीच, पण ती कॅलेंडरला न बांधता बेकारीच्या दराला बांधावी. दर चढला की आपोआप आठवडे वाढतील, उतरला की कमी होतील, कोणाच्या सहीची वाट नको. १९७० च्या कायद्यात ही कल्पना आहेच, पण त्याचा निम्मा खर्च एरवी राज्यांवर पडतो, आणि मंदीत राज्यांची तिजोरी आधीच रिकामी असते. २००९ मध्ये केंद्राने तो खर्च तात्पुरता उचलला तेव्हा कुठे बऱ्याच राज्यांनी तो नीट वापरला. कोविडमध्ये पुन्हा तेच, आठवड्याचे जादा ६०० डॉलर ३१ जुलै २०२० च्या आसपास बंद, साथ मात्र चालूच. त्याच वर्षी २६ डिसेंबरला वाढीव भत्त्याची मुदत संपली आणि ट्रम्प यांची सही झाली २७ ला, एका दिवसाचा फरक पण राज्यांच्या जुन्या कॉम्प्युटर सिस्टीम बदलेपर्यंत कित्येकांचे पैसे अडकले.

मला सप्टेंबर २०१० मध्ये काम मिळालं, आधीपेक्षा कमी पगाराचं, तिसरा टियर संपायच्या जरा आधी.

तुम्ही स्वतः सध्या हा भत्ता घेत असाल तर एक करा, भत्त्यावर फेडरल टॅक्स लागतो, तो १० टक्के आधीच कापून घ्यायचा पर्याय फॉर्मवर असतो तो निवडा. मी नव्हता निवडला आणि पुढच्या एप्रिलला हातात पैसे नसताना ते एकदम भरावे लागले.