कोल्हापुरात २००४ च्या मर्सिडीज ई-२४० चा एक्झॉस्ट बदलला तर पिकअप वाढेल का?

फारसा नाही. टर्बो नसलेलं २.६ लिटरचं व्ही-६ इंजिन आहे ते. मागचा मफलर (सायलेन्सर) बदलून आवाज बदलतो, ताकद जेमतेम वाढते. त्यापेक्षा गाडी जुनी झाल्याने गेलेली ताकद आधी परत मिळवा. या इंजिनात दर सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण १२ स्पार्क प्लग असतात. सगळे एकदम बदला. मग एअर-फ्लो सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या. बऱ्याचदा एवढ्यानेच गाडी खुलते.

तरी हौस असेल तर उद्यमनगरात स्टेनलेस स्टीलचा एक्झॉस्ट बनवून घ्या. पाइप फार जाड नको, खालच्या आरपीएमची ओढ जाते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला विषारी वायू कमी करणारा भाग) मात्र अजिबात काढू नका, पीयूसीत अडकाल. उरलेले पैसे ब्रेक आणि सस्पेन्शनच्या बुशवर (सांध्यांतल्या रबरांवर) घाला, गगनबावड्याच्या घाटात तेच कामी येतात.