बोन स्कॅनच्या प्रतिमा धूसर येतात, कोणता फिल्टर लावू?

फिल्टरचं नंतर बघू. तुम्ही लिहिलंय की काउंट्स (पेशंटला टोचलेल्या किरणोत्सर्गी औषधातून कॅमेऱ्याने टिपलेले गॅमा किरण) पुरेसे आहेत, तरी मणक्यांच्या कडा उठत नाहीत. हे वाचून मला पहिला संशय येतो तो डिटेक्टर (कॅमेऱ्याचं किरण टिपणारं डोकं) पेशंटपासून किती लांब आहे याचा.

पॅरलल-होल कोलिमेटरची (डिटेक्टरपुढची समांतर भोकांची शिशाची जाळी) गंमत अशी की अंतर वाढलं तरी काउंट्स फारसे घटत नाहीत. चूक आकड्यांत दिसतच नाही, नुसता तपशील पुसट होत जातो. नवीन असताना मीही पेशंट बिचकू नये म्हणून डिटेक्टर हातभर वर ठेवायचो. एकदा आमच्या डॉक्टरांनी प्रतिमा बघून विचारलं, "पेशंट दुसऱ्या खोलीत होता का?" तेव्हापासून छातीला लागतोय की काय वाटेल इतका खाली आणतो, अर्थात पेशंटला आधी सांगून. बॉडी कंटूरची सोय (डिटेक्टर आपोआप शरीरालगत सरकतो) असेल तर ती चालू आहे ना, तेही बघा.

दुसरी जागा एनर्जी विंडोची, म्हणजे कॅमेरा कोणत्या ऊर्जेचे किरण मोजतो त्या पट्ट्याची. सकाळी कोबाल्ट-५७ ने युनिफॉर्मिटी (कॅमेरा सगळीकडे सारखं मोजतो का) तपासली आणि विंडो कोबाल्टच्या १२२ केईव्हीवरच (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) राहिली, तर स्कॅनच्या औषधातल्या टेक्निशियमचा १४० चा पीक जवळजवळ बाहेर पडतो आणि स्कॅटर (शरीरात आपटून दिशा बदललेले किरण) आत येतो. प्रतिमा पिठूळ दिसते. दोन सेकंदांचं काम आहे, पण घाईत हमखास राहतं.

हाडांभोवती सगळीकडे धुरकट दिसत असेल तर थोडं थांबा. एमडीपी (हाडांत साठणारं, टेक्निशियम जोडलेलं औषध) दिल्यावर २ ते ४ तासांनी स्कॅन करतात. किडनी मंद असेल तर उशिराकडे झुका. मधल्या वेळात भरपूर पाणी, आणि टेबलावर घेण्याआधी लघवी. भरलेल्या ब्लॅडरमागे माकडहाड लपतं.

थायरॉइड आणि जठर उजळत असेल तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका. ते मोकळं परटेक्नेटेट (एमडीपीला न जोडलेलं टेक्निशियम) आहे. बहुतेकदा व्हायलमध्ये (औषधाच्या कुपीत) हवा गेलेली असते.

प्रतिमा धूसर नसून दाणेदार असेल तर मात्र काउंट्स कमी पडताहेत. नॉइज निम्मा करायला काउंट्स चौपट लागतात, म्हणून टेबलाचा वेग खूप उतरवण्याचा मोह होतो. पण पाठ दुखणारा माणूस तेवढा वेळ निपचित पडत नाही, आणि हललेल्या प्रतिमेला औषध नाही. मी स्वीप (पूर्ण शरीराचा फेरा) नेहमीच्या वेगाने घेतो आणि शंका असेल तिथे स्पॉट व्ह्यू (तेवढ्याच भागाची वेगळी प्रतिमा) किंवा स्पेक्ट-सीटी (त्रिमितीय स्कॅन आणि सोबत सीटी).

एवढं करूनही धूसर राहिलं तर एका पेशंटचं डिटेक्टरचं अंतर आणि विंडो इथे लिहा, मग फिल्टरचं बोलू.