स्पॅनिशमधलं 'तेनेर': त्येने, त्येनेन आणि मध्येच 'तेनेमोस' कसं काय?

प्रश्न असा होता की 'तेनेर' म्हणजे 'जवळ असणे' याची वर्तमानकाळाची रूपं पाठच होत नाहीत, 'ते'चा मध्येच 'त्ये' होतो आणि परत 'ते' येतो, याला काही नियम आहे की नुसतं घोकायचं?

नियम आहे. आधी रूपं बघा: मी तेंगो, तू त्येनेस, तो किंवा ती त्येने, आम्ही तेनेमोस, तुम्ही लोक तेनेइस (हे स्पेनमध्ये), ते त्येनेन. (हो, 'त्येने' ऐकून गावाकडचं 'त्येनं' आठवतं, आठवू द्या, लक्षात राहायला बरंय.) आता ही मोठ्याने म्हणा आणि जोर कुठे पडतो ते ऐका. स्पॅनिशमध्ये शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, म्हणजे त्येनेस, त्येने, त्येनेन यांत जोर पहिल्याच अक्षरावर येतो आणि तिथे 'ये' झालाय, पण तेनेमोसमध्ये जोर सरकून 'ने'वर गेला, तेनेइसमध्येही पुढेच गेला (म्हणून तर लिहिताना त्यावर आघाताची तिरकी रेघ देतात), मग पहिला 'ते' मोकळा सुटला आणि जसा होता तसाच राहिला. बस, एवढंच आहे. लॅटिनमधला ऱ्हस्व ए जोराखाली आला की कॅस्टीलच्या बोलीत (स्पेनमधला हा प्रांत, आजची स्पॅनिश याच बोलीतून आली) त्याचा 'ये' झाला, जोर नसेल तर नाही. शेजारच्या पोर्तुगीजमध्ये हे झालं नाही, त्यामुळे गोव्यात घरी पोर्तुगीज बोलणारं कुणी असेल तर त्यांच्या तोंडी याच क्रियापदात हा 'ये' सापडणार नाही.

आणि हे फक्त क्रियापदांपुरतं नाही, मला तर यातली खरी मजा आकड्यांत वाटते. सात म्हणजे स्येते पण सत्तर सेतेंता. नऊ न्वेबे पण नव्वद नोबेंता, इथे 'ओ'चा 'वे' झालाय, तोच खेळ. दार प्वेर्ता पण दारवान पोर्तेरो, फुटबॉल बघणाऱ्यांना तोच शब्द गोलकीपरसाठी ऐकून माहीत असेल. आपल्याला यात नवल वाटायचं खरं तर कारण नाही, आपण फूल म्हणतो पण फुलाला, दूध पण दुधाचा, कीड पण किडीला. कारण वेगळं आहे, आपल्याकडे जोराचा संबंध नाही, पण पुढे अक्षर जोडलं की मागचा स्वर बदलतो हे मराठी पोराला कुणी शिकवत नाही, तोंडातच असतं.

जोराचा नियम पटत नसेल तर अर्जेंटिनात चला. तिथे 'तू'साठी 'बोस' म्हणतात आणि रूप होतं तेनेस, जोर शेवटी, आणि लगेच 'ये' गायब! स्पेनच्या त्येनेसशी ताडून बघा, याहून चांगला पुरावा मला तरी माहीत नाही. लॅटिन अमेरिकेत 'तुम्ही लोक'साठी तेनेइस पण वापरत नाहीत, उस्तेदेस म्हणतात आणि क्रियापद त्येनेन, म्हणजे तिकडचं शिकत असाल तर एक रूप वाचलं.

तेंगो मात्र या नियमात बसत नाही, जोर असून 'ये' नाही आणि वर 'ग' चिकटलाय. तो वेगळ्या टोळीतला आहे: बेंगो (मी येतो), पोंगो (मी ठेवतो), साल्गो (मी बाहेर पडतो). हे एकत्रच पाठ करा, इथे घोकण्याला पर्याय नाही.

मराठी माणसाची खरी गोची रूपांत नसून कर्त्यात होते असं माझं मत आहे. आपल्याकडे 'जवळ असणे'ला स्वतंत्र क्रियापदच नाही, आपण 'मला दोन भाऊ आहेत' म्हणतो आणि 'आहेत' भावांप्रमाणे चालतं, त्यामुळे दोन भाऊ दिसले की हात आपोआप अनेकवचनाकडे जातो. स्पॅनिशमध्ये क्रियापद मालकाप्रमाणे चालतं: तेंगो दोस एर्मानोस, भाऊ दोन असोत की दहा, तेंगोच. भूक पण 'असते', तेंगो आंब्रे. वय पण असतं, तेंगो बेइंते आन्योस म्हणजे मी वीस वर्षांचा. आणि 'तेंगो के' लावून पुढे मूळ क्रियापद ठेवलं की 'मला करावं लागतंय', तेंगो के इर, जायला हवं. रोजच्या बोलण्यातलं निम्मं काम हे एकटं तेंगो करतं.

उस्तेद, म्हणजे आदराचं तुम्ही, याला 'त्येने' का असंही विचारलंय. उस्तेद हे मूळ 'बुएस्त्रा मेर्सेद' म्हणजे 'आपली कृपा' अशा दरबारी संबोधनातून झिजून आलंय, म्हणून क्रियापद तृतीयपुरुषी. आपण साहेबांच्या तोंडावर 'काय म्हणतात साहेब?' विचारतो ना, तसंच.