3.6 लाखांचं पॅकेज आणि हातात येणारे 23 हजार

ताई नमस्कार,

तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या आईबाबांनाही संदर्भ लागेल. मुलगी यंदा कॉम्प्युटरची बीई झाली, घर नागपुरात मानेवाड्याला, 4 लाखांचं एज्युकेशन लोन आहे. हातात दोन ऑफर आहेत, पुण्याच्या मोठ्या आयटी कंपनीची 3.6 लाखांची आणि आपल्या परसोडीच्या आयटी पार्कमधल्या छोट्या कंपनीची 2.64 लाखांची. तिचे बाबा म्हणतात चार वर्षं एवढी फी भरली ती काय 22 हजारांसाठी, शेजारच्या पोट्ट्याला 12 लाख मिळाले, आपण थांबू. आणि तुम्ही विचारताय की थांबावं का, आणि पुण्याला पाठवलं तर घरून किती पाठवावे लागतील.

आधी ते 12 लाख बाजूला ठेवू. मुलगा व्हीएनआयटीचा, म्हणजे आपल्या इथल्या केंद्र सरकारच्या नावाजलेल्या इंजिनिअरिंग संस्थेचा आहे हे तुम्हीच लिहिलंय, मग तुलना तिथेच संपली ना. आणि हे जे रस्तोरस्ती कॉलेजांचे फ्लेक्स लागतात, हायेस्ट पॅकेज अमुक लाख, तो आकडा एका पोराचा असतो. विचारायचंच तर मीडियन विचारा, म्हणजे प्लेसमेंट झालेल्या सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्या पोराला किती मिळाले. तो आकडा फ्लेक्सवर येत नाही, काऊन ते वेगळं सांगायला नको. बाबांचा राग मात्र खोटा नाहीये. 2011-12 च्या सुमारास मोठ्या आयटी कंपन्या फ्रेशरला सव्वातीन लाखांच्या आसपास द्यायच्या, आज साडेतीनच्या आसपास देतात, आणि मधल्या काळात फी, भाडं, पेट्रोल, डाळ सगळं कुठल्या कुठे गेलं. पण बाजार असा आहे हे कळल्यावर रागाचा हिशोबाला उपयोग नाही.

आता तुम्ही पाठवलेला पुण्याच्या ऑफरचा ब्रेकअप. तुम्ही 3.6 लाखांना 12 ने भागून 30 हजार धरलेत, सगळेच तसं धरतात. त्यात वर्षाचे 24 हजार व्हेरिएबल आहेत, ते कंपनीचं आणि तिचं रेटिंग बरं आलं तर मिळणार, दर महिन्याला नाही. कंपनीच्या वाट्याचा पीएफ महिना 1,800 पॅकेजमध्येच धरलाय, ग्रॅच्युइटीचे साधारण 720 धरलेत जे कायम नोकरीत पाच वर्षं काढल्याशिवाय हातात पडत नाहीत (आणि ही पोरं पाच वर्षं कुठे टिकतात), शिवाय मेडिक्लेमचे वर्षाचे 6 हजार. हे सगळं काढलं की महिन्याचा ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, 24,980 च्या आसपास, त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ 1,800 पुन्हा गेला, म्हणजे खात्यात पडणार 23,150 ते 23,200. प्रोफेशनल टॅक्स कापला जाणार नाही कारण महाराष्ट्रात 25 हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना तो 2023 पासून माफ आहे, मुलगा असता तर आणखी 200 गेले असते. इन्कम टॅक्सची चिंता एवढ्या पगारावर करूच नका. पीएफ बुडत नाही, तिच्याच नावावर साठतो, पण घरमालकाला पीएफ देता येत नाही.

खर्चाकडे या. तुमच्या भाचीचं वाकडचं पीजी 9,500 आहे म्हणालात, तिघींची खोली, जेवणासकट. जेवणासकट म्हणजे बऱ्याच ठिकाणी रविवारी रात्री मेस बंद, आणि ज्या दिवशी भाजी घशाखाली उतरत नाही त्या दिवशी बाहेरून मागवणं आलंच, त्याचे 1,500 धरा. ऑफिसला जायचे-यायचे 1,500, मोबाइल 400, साबण-शाम्पू-औषधं-लाँड्री मिळून हजार, मैत्रिणी-कपडे-वाढदिवस 2,000 (हे शून्य धरणारे आईबाप स्वतःलाच फसवतात), आणि नागपूरला येण्याजाण्याचे महिन्याला सरासरी 1,500, कारण दिवाळीत रेल्वेचं तिकीट मिळत नाही आणि ट्रॅव्हल्सवाले काय भाव लावतात ते आपल्याला माहीत आहे. झाले 17,400. उरले पावणेसहा हजारांच्या आसपास.

आता लोन. 4 लाख, 10 टक्के, 10 वर्षं धरली तर हप्ता जवळपास 5,300. म्हणजे हप्ता सुरू झाला की पोरीच्या हातात साडेचारशे-पाचशे उरतात, एक आजारपण किंवा फुटलेला मोबाइल आणि हिशोब कोलमडला. हप्ता सहसा कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतो पण प्रत्येक बँकेचं वेगळं असतं, सँक्शन लेटर काढून तारीख बघा, आणि व्याज त्या सुटीच्या काळातही चढतच असतं, तेवढं व्याज जरी दर महिन्याला भरत गेलात तरी पुढे बरंच हलकं होतं.

तर घरून किती पाठवायचे? दर महिन्याला काही नाही, पण सुरुवातीला 30-35 हजार तयार ठेवा. पीजीचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं एकदम द्यावं लागतं, आणि महिन्याच्या मध्यावर जॉइन झाली तर बऱ्याच कंपन्यांत पहिला पगार पुढच्या महिन्याच्या पगारासोबत येतो, तोवर दीड महिना खायचं काय. यात खूप घरं अडकतात.

नागपूरची ऑफर बघू. 2.64 लाखात व्हेरिएबल नाही, कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि तिचा पीएफ वगळून हातात 18,800 पर्यंत. मानेवाड्याहून रिंगरोडने अ‍ॅक्टिव्हावर जाईल, पेट्रोल-सर्व्हिसिंग 1,500, डबा घरचा, मोबाइल आणि आयटी पार्कच्या चौपाटीवरचं खाणं धरून बाकी साडेतीन हजार. घरात 3,000 दिले (द्यायला लावा, सवय लागते) तरी 10 हजारांवर उरतात, म्हणजे हप्ता भरून शिल्लक. पॅकेज लाखाने कमी आणि शिल्लक जास्त.

पण ह्या ऑफरमध्ये मला एक गोष्ट खटकतेय. दोन वर्षांचा बाँड (तोवर नोकरी सोडली तर पैसे भरायचे असा करार) आणि ओरिजिनल मार्कशीट जमा करा म्हणतात. ओरिजिनल कुणालाही द्यायचे नाहीत, दाखवायचे, झेरॉक्सवर सही करून द्यायची, ओरिजिनल घेऊन घरी यायचं. सहीचा कोरा चेक मागितला तर तोही नाही. सोडून जाताना पोरं रडत येतात ती ह्याच कागदांपायी, पगारापायी नाही.

थांबू नका, हे मी स्पष्ट सांगते. कॅम्पस संपला की ऑफकॅम्पसला, म्हणजे कॉलेजबाहेरच्या भरतीत, तिच्यासमोर पुढच्या बॅचची पोरं उभी राहतात आणि इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न गॅपचाच येतो. पुण्याच्या लेटरवर जॉइनिंग डेटच नाहीये, नंतर कळवू एवढंच लिहिलंय, आणि 2022 च्या बॅचच्या काही पोरांना मोठ्या कंपनीच्या जॉइनिंगसाठी दोन दोन वर्षं वाट बघावी लागली होती हे विसरू नका. म्हणून माझं मत असं, इथली कंपनी ओरिजिनलचा हट्ट सोडत असेल आणि बाँड वर्षावर आणत असेल तर नागपूर घ्या. तिथे पहिल्या महिन्यापासून डेव्हलपमेंटचं काम आहे असं मुलीने लिहिलंय, दीड-दोन वर्षं हाताने कोड लिहिलेल्या पोरीला पुणेवाले आजच्यापेक्षा बऱ्या पगारावर घेतात. हट्ट सोडला नाही तर पुणे, घासाघीस न करता.

छोटी कंपनी आहे म्हणून तिथल्या एखाद्या जुन्या मुलीला गाठून दोन गोष्टी विचारा, पगार दर महिन्याला 7 तारखेच्या आत होतो का आणि पीएफ खरंच भरतात का, तिच्या पीएफच्या पासबुकात दिसेलच. आणि उत्तर द्यायची मुदत 15 तारखेची आहे ना, मग पुण्याला जॉइनिंग डेटबद्दल आणि इथे बाँडबद्दल असे दोन मेल मुलीला आजच टाकायला सांगा. फोनवर गोड बोलतात, लेखी उत्तर आल्याशिवाय सही नको.