एकाचं विंडोज दुसऱ्या संगणकात : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या छापखान्यात पेंटियम ४ वर विंडोज एक्सपी आहे. त्यात मराठी डीटीपीचं सॉफ्टवेअर, जुने फाँट आणि पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिकांच्या फायली आहेत. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेत, संगणक कधी सुरू होतो, कधी नाही. हार्डडिस्क काढून कोअर २ ड्युओच्या एका जुन्या संगणकाला लावली. एक्सपीचा लोगो दिसतो, निळा स्क्रीन चमकून जातो आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. सगळं नव्याने न टाकता काम भागेल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : भागेल, पण आधी त्या डिस्कची नक्कल काढा. मूळ डिस्कवर एकही प्रयोग करू नका. डिस्कची नक्कल काढणारा क्लोनझिला हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन डिस्क-टू-डिस्क कॉपी करा. दुसरी डिस्क तेवढीच किंवा मोठी हवी. कुठली डिस्क ‘सोर्स’ आणि कुठली ‘टार्गेट’ हे तिच्या मॉडेल नंबरवरून दोनदा तपासा, कारण उलटं झालं की पंधरा वर्षांची कामं जातात. नवी डिस्क १३७ जीबीपेक्षा मोठी असेल, तर एक्सपीला किमान सर्व्हिस पॅक १ (मायक्रोसॉफ्टच्या सुधारणांचा संच) हवा. त्याआधीच्या एक्सपीला १३७ जीबीच्या पुढची जागा नीट हाताळता येत नाही आणि तिथे लिहायला गेलं की फायली बिघडतात.

आता निळ्या स्क्रीनचं कारण. सुरुवातीला एक्सपी बायोसच्या (बोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमच्या) मदतीने डिस्क वाचतं, म्हणून लोगोपर्यंत सगळं ठीक चालतं. त्यानंतर ते बायोसला सोडून स्वतःचा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम) वापरतं. हा ड्रायव्हर जुन्या बोर्डवरच्या डिस्क कंट्रोलरचा (डिस्क चालवणाऱ्या चिपचा) असतो. नव्या बोर्डवर कंट्रोलर वेगळा, त्यामुळे ज्या डिस्कवरून एक्सपी चालू झालं तीच त्याला दिसेनाशी होते. खात्री करायची असेल तर सुरू होताना एफ८ दाबून ‘डिसेबल ऑटोमॅटिक रीस्टार्ट’ निवडा. स्क्रीन थांबेल. कोडच्या शेवटी ‘७बी’ असेल तर दुखणं हेच.

पहिला उपाय कोअर २ ड्युओच्या बायोसमध्ये. साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) ‘एएचसीआय’ असेल तर ‘आयडीई’ किंवा ‘कंपॅटिबल’ करा. एक्सपीच्या मूळ सीडीत एएचसीआयचा ड्रायव्हरच नाही. एवढ्यानेही काही संगणक सुरू होतात.

नाही झाला तर जुना बोर्ड अजून अधूनमधून चालू होतोय, हे तुमचं नशीब समजा आणि तो कायमचा बंद पडण्याआधी हे करून घ्या : नक्कल केलेली डिस्क जुन्या संगणकाला लावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘आयडीई एटीए/एटीएपीआय कंट्रोलर्स’ उघडा. कंपनीच्या नावाचा जो कंट्रोलर दिसेल त्यावर ‘अपडेट ड्रायव्हर’, मग ‘इन्स्टॉल फ्रॉम अ लिस्ट’, मग ‘डोन्ट सर्च’ असं करत ‘स्टँडर्ड ड्युअल चॅनल पीसीआय आयडीई कंट्रोलर’ निवडा. हा सर्वसाधारण ड्रायव्हर जवळपास प्रत्येक बोर्डवर चालतो. रीस्टार्ट विचारेल, त्याला नकार द्या. संगणक सरळ बंद करा, डिस्क काढा, नव्या संगणकाला लावा. जुन्यावर पुन्हा सुरू करू नका. नव्या बोर्डवर पहिल्यांदा पडद्याचा आकार विचित्र दिसेल, आवाज आणि नेटवर्क नसेल. ते ड्रायव्हर त्या बोर्डाच्या सीडीतून टाका.

जुना बोर्ड पुरता गेला, तर ‘रिपेअर इन्स्टॉल’ हा मार्ग राहतो. डिस्कवर जो सर्व्हिस पॅक आहे तोच असलेली एक्सपीची सीडी घ्या. इथे बहुतेकांची एक चूक होते. पहिल्या पडद्यावर ‘आर’ दाबतात. त्याने रिकव्हरी कन्सोल (आज्ञा टाइप करण्याचा पडदा) उघडतो, दुरुस्ती होत नाही. पहिल्या पडद्यावर एंटर, मग परवान्याला एफ८, आणि जुनं विंडोज यादीत दिसल्यावर ‘आर’. प्रोग्रॅम आणि फायली राहतात, सर्व्हिस पॅकनंतरचे अपडेट जातात. जुनं विंडोज यादीत दिसलंच नाही आणि नुसतं पार्टिशन विचारू लागलं, तर पुढे जाऊ नका. एफ३ दाबून बाहेर पडा.

प्रोसेसरचंही पाहा. संगणक चालू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये एकच आलेख दिसला, तर एक्सपी अजून एका कोअरवर चालतंय. रिपेअर इन्स्टॉलने तेही सुधारतं. इंटेलवरचं एक्सपी एएमडीवर नेणाऱ्यांना मात्र आणखी एक अडथळा येऊ शकतो : ‘इंटेलपीपीएम’ नावाची सर्व्हिस. रिकव्हरी कन्सोलमध्ये ‘डिसेबल इंटेलपीपीएम’ अशी आज्ञा दिली की तो सुटतो.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण डीटीपीच्या जुन्या सॉफ्टवेअरला बहुधा हार्डवेअर लॉक (पोर्टला लावायचा छोटा तुकडा, त्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) असतो. तो २५ पिनांच्या प्रिंटर पोर्टचा असेल, तर डिस्क हलवण्याआधी नव्या बोर्डवर तसा पोर्ट आहे का ते बघा आणि बायोसमध्ये त्याचा पत्ता ३७८ ठेवा. बाजारात मिळणारी यूएसबी-प्रिंटर केबल यासाठी घेऊ नका. ती फक्त प्रिंटरशी बोलते, खरा पोर्ट तयार करत नाही, त्यामुळे लॉक सापडत नाही. पीसीआय पॅरलल कार्डचा पत्ता सहसा ३७८ नसतो, म्हणून त्यावर काही लॉक चालतात, काही नाही. विकत घेण्याआधी लावून बघा.

राहिला परवाना. संगणकाबरोबर आलेलं ओईएम विंडोज त्याच संगणकापुरतं असतं. ते दुसऱ्यात नेण्याची मुभा नाही. वेगळं विकत घेतलेलं रिटेल विंडोज जुन्यावरून काढून नव्यावर टाकता येतं. कोअर २ ड्युओच्या डब्यावर स्वतःचं एक्सपीचं स्टिकर असेल, तर त्यावरचीच की (परवान्याचा क्रमांक) वापरा. ओईएम सीडीला रिटेल की चालत नाही आणि उलटही नाही. एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबलेत. तेव्हा हा संगणक इंटरनेटपासून दूरच ठेवा.

प्रश्न : शाळेत वेगवेगळ्या बनावटीचे १२ जुने संगणक आहेत. एकावर विंडोज ७ नीट लावलंय. तेच सगळ्यांवर कॉपी केलं तर चालेल?
— एक शिक्षक, चिपळूण

उत्तर : आहे तसं कॉपी करू नका. बाराही संगणकांचं नाव आणि आतली ओळख एकच होईल, शिवाय एका बोर्डाचे ड्रायव्हर बाकीच्यांच्या गळ्यात पडतील. विंडोज ७ मध्ये यासाठी कॉपीआधी ही ओळख पुसणारं सिसप्रेप दिलेलं आहे. विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘सिस्टिम३२’ आणि त्यात ‘सिसप्रेप’. त्यात ‘आउट-ऑफ-बॉक्स एक्स्पीरिअन्स’ निवडा, ‘जनरलाइझ’वर खूण करा आणि खाली ‘शटडाउन’ ठेवा. संगणक बंद झाला की तो पुन्हा सुरू न करता लगेच क्लोनझिलाने इमेज (डिस्कची पूर्ण नक्कल) घ्या. मध्येच सुरू केलात तर तयारी वाया जाते आणि ‘जनरलाइझ’ ठरावीक वेळाच करता येतं, साधारण तीनदा. म्हणून सिसप्रेपच्या आधीचीही एक इमेज जपून ठेवा. सगळ्या संगणकांच्या बायोसमध्ये साटा मोड एकच असू द्या. इमेज सर्वांत लहान डिस्कवर मावायला हवी, म्हणून सर्वांत लहान डिस्कचाच संगणक नमुन्याला घ्या. १ जीबी रॅमचा एकही संगणक असेल तर ३२ बिटचं विंडोज लागेल. ६४ बिटला २ जीबी तरी हवी.

मात्र परवाना प्रत्येक संगणकाला वेगळा लागतो आणि विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले. मुलं इंटरनेट वापरणार असतील तर आमचा आग्रह लिनक्सचाच. ते एका संगणकावरून दुसऱ्यावर फार सहज जातं, कारण कुठला कंट्रोलर आहे हे ते दर वेळी सुरू होताना पाहतं. ६४ बिट चालत नसलेल्या संगणकांसाठी लिनक्सचंच डेबियन १२ घ्या. डेबियन १३ मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर राहिलेला नाही. डेस्कटॉप हलका, म्हणजे एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी ठेवा. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्ये मिळतो. ग्राफिक कार्डाच्या कंपनीचा खास ड्रायव्हर नमुन्याच्या संगणकावर टाकू नका. इमेज घेण्याआधी ‘इटीसी’ फोल्डरमधली ‘मशीन-आयडी’ (संगणकाची ओळख ठेवणारी) फाइल रिकामी करा, पण पुसू नका. ती तशीच राहिली तर दोन संगणकांना एकच आयपी मिळण्याचा घोळ होऊ शकतो. पेंटियम एमच्या जुन्या लॅपटॉपवर कर्नल (लिनक्सचा गाभा) ‘पीएई नाही’, म्हणजे जास्त मेमरी वापरण्याची सोय नाही, म्हणून अडला, तर बूट ओळीत ‘फोर्सपीएई’ लिहून बघा.

प्रश्न : आयबीएमची जुनी पीसी डॉस फ्लॉपी आहे. दुसऱ्या कंपनीच्या ‘कंपॅटिबल’ (आयबीएमसारख्याच) संगणकावर डॉस चालतं, पण बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा सुरू केली की संगणक थिजतो. फ्लॉपी खराब आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : फ्लॉपी चांगली आहे. आयबीएमने बेसिकचा मोठा भाग, ३२ केबी, स्वतःच्या संगणकाच्या रॉममध्येच (कायमच्या मेमरी चिपमध्ये) ठेवला होता. फ्लॉपीवरचं ‘बेसिका’ त्या रॉमला हाक मारतं. दुसऱ्या कंपन्यांच्या संगणकात तो रॉम नाही, म्हणून सगळं थिजतं. त्यांच्यासाठी जीडब्ल्यू-बेसिक होतं, ते पूर्ण फ्लॉपीवरच असतं. ते वापरा.

एक सांभाळा. ३६० केबीच्या फ्लॉपीवर १.२ एमबीच्या ड्राइव्हमधून काही लिहू नका. त्या ड्राइव्हचं हेड निम्म्या रुंदीची रेघ ओढतं आणि जुन्या रेघेचा काठ तसाच राहतो. ३६० च्या ड्राइव्हचं रुंद हेड दोन्ही एकदम वाचतं आणि ‘रीड एरर’ येते. नुसतं वाचायला हरकत नाही. चुकूनही लिहिलं जाऊ नये म्हणून फ्लॉपीच्या खाचेवर चिकटपट्टी लावून टाका.