सिफर, सायफर आणि कोड: भानगड काय आहे?

प्रश्न असा आहे की उर्दूत सिफर म्हणजे शून्य, मग पाकिस्तानचे माजी पंतप्रधान इम्रान खान यांच्या गुप्त सरकारी तारेच्या केसमध्ये बातम्यांत जे सायफर सायफर चाललं होतं ते काय, आणि सायफर नि कोड वेगळे की दोन्हीला सांकेतिक लिपी म्हटलं की झालं?

सिफर आणि सायफर मुळात एकच शब्द. आपल्या 'शून्य'चं अरबांनी सरळ भाषांतर केलं, सिफ्र म्हणजे रिकामं. ते युरोपात गेलं आणि त्याला दोन फाटे फुटले. एक इटालियन गणिती फिबोनाचीच्या १२०२ च्या पुस्तकातलं झेफिरम, त्याचं होता होता झीरो झालं. दुसरं सिफ्रा, त्याचा अर्थ शून्यावरून घसरून कुठलाही आकडा असा झाला, जर्मनमध्ये त्सिफर म्हणजे आजही आकडाच. मग तिकडच्या दरबारी पत्रांत अक्षरांच्या जागी आकडे घालून लिहायची पद्धत पडली आणि त्या लिहिण्यालाच हे नाव चिकटलं. इंग्रजीतून ते परत उर्दूत आलं, म्हणजे माहेरचाच माणूस दुसऱ्या दाराने, वेगळे कपडे घालून. आणि गंमत बघा, सायफर फोडायची युक्ती पण अरबीतच पहिल्यांदा लिहिलेली सापडते, नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने सांगून ठेवलं की कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजा, गुपित आपोआप बाहेर पडतं.

आता फरक. सायफर अक्षराशी खेळतो, कोड अर्थाशी. प्रत्येक अक्षराऐवजी पुढचं लिहायचं ठरलं तर 'कमल'चं 'खयव' होईल, हा सायफर, शब्दाचा अर्थ त्याला माहीत असायची गरजच नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातले नवाहो या मूळनिवासी जमातीचे लोक रणगाड्याला आपल्या भाषेत कासव म्हणायचे, तो कोड. कोडला अख्खी डिक्शनरी लागते आणि तिच्यात शब्द नसला की पंचाईत, १९१७ च्या झिमरमन तारेत, म्हणजे जर्मनीने मेक्सिकोला पाठवलेल्या गुप्त तारेत, शब्दागणिक आकडा ठरलेला होता, पण ॲरिझोनासाठी आकडाच नव्हता म्हणून बिचाऱ्यांनी त्याचे चार तुकडे करून पाठवले!

म्हणून दोन्हीला सांकेतिक लिपी म्हणणं मला पटत नाही. संकेत आधी ठरलेला असतो, तेव्हा कोडला संकेत ठीक आहे, सायफरला कूटलिपी म्हणावं.

आणि मराठीत करपल्लवी आहेच की! नुसत्या हातवाऱ्यांना आपण करपल्लवी म्हणतो, पण जुनी करपल्लवी चांगली पद्धतशीर होती. नागाचा फणा केला की स्वर, कमळ केलं की क-वर्ग, चक्र म्हणजे च-वर्ग, टंकार म्हणजे ट-वर्ग, असं पुढे, मग बोटं दाखवून वर्गातलं कितवं अक्षर ते सांगायचं आणि मात्रेला चुटक्या. 'जग' म्हणायचं तर चक्र आणि तीन बोटं, कमळ आणि तीन बोटं. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने अक्षरांचा चौकोन करून डाव्या-उजव्या मशालींनी रांग आणि घर सांगायची जी पद्धत लिहिलीय ती याच जातीची, फक्त आपल्याकडे चौकोन वेगळा आखावा लागला नाही, वर्णमालाच तशी लावलेली.

या हिशोबाने शाळेतली च ची भाषा पण सायफरच. 'मी घरी जातो'चं 'चीम चरीघ चातोज'. ती आईला आमच्यापेक्षा फास्ट येते हे आम्हाला फार उशिरा कळलं.